सूचना पेनानं नाही, टेपनं लिहायची

"सायकल ट्रॅक झालाच पाहिजे." "बसला वेगळी लेन द्या." "ठेले हटवा." फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावाकाठच्या रस्त्याच्या नव्या आराखड्याबद्दल नागपूरकरांच्या सूचना विचारा, अशी वाक्यं पोत्यानं मिळतील. अभियंता ती एका तक्त्यात टाकतो, समोर 'नोंद घेतली' असं लिहितो आणि नकाशा होता तसाच पुढे सरकतो. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. या वाक्यांवरून नकाशावरची एकही रेघ हलवता येत नाही. रेघ हलायची तर कुठे, किती मीटर आणि कशाच्या बदल्यात, हे तिन्ही एकाच ओळीत यावं लागतं.

आधी हे बघायचं की आपल्याला विचारलं जातंय ते कोणत्या टप्प्यावर. रस्त्याची रुंदी किंवा जमिनीचं आरक्षण बदलणार असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, 1966 लागू होतो. सूचना प्रसिद्ध होते, हरकतीला महिन्याची मुदत मिळते, सुनावणी होते. पण आहे त्याच रुंदीत फुटपाथ, ट्रॅक आणि पार्किंगची नवी मांडणी करायची असेल तर बहुतेक वेळा तसं कायदेशीर बंधन नसतं. बैठक झाली तर झाली, ऑनलाइन फॉर्म आला तर आला. म्हणजे ज्या कामात नागरिकांचं म्हणणं सगळ्यात उपयोगी पडू शकतं, तिथेच ते ऐकण्याची सक्ती सगळ्यात कमी. त्यामुळे सूचना सविस्तर प्रकल्प अहवालाच्या टप्प्यावर द्यायची. निविदा निघाली की साधा कर्बस्टोन, म्हणजे फुटपाथच्या कडेचा दगड, अर्धा मीटर सरकवणंसुद्धा 'जादा बाब' (निविदेत नसलेलं काम) होतं, आणि जादा बाबीवर सही करायला कोणी पटकन तयार होत नाही.

फुटाळा आणि अंबाझरी दोन्हीकडे काम पडतं ते महापालिकेच्या धरमपेठ झोनशी. पण अशा रस्त्यावर एकटी महापालिका कधीच नसते. नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, महामेट्रो, वाहतूक पोलिस, वीज कंपनी आणि तलावाची पाळ आली की जलसंपदा विभाग. सूचना एकालाच दिली तर तो "हे आमच्याकडे येत नाही" म्हणायला मोकळा. एकच पत्र सगळ्यांच्या नावानं काढायचं, प्रत्येकाची प्रत वेगळी द्यायची आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घ्यायचा.

बैठकीत पडद्यावर दाखवतात ती रंगीत चित्रं बाजूला ठेवा. त्यात सायकल चालवणारी मुलगी हसत असते आणि रस्त्यावर एकही अ‍ॅक्टिव्हा उभी नसते. मागायचे ते तीन कागद: दर पन्नास मीटरचा आडवा छेद (रस्ता आडवा कापला तर दिसेल ती मांडणी), चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं मीटरमधलं अंतर) टाकलेला नकाशा, आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची पातळी दाखवणारा तक्ता. सोबत अंदाजपत्रक, वाहतूक मोजणी आणि झाडांची यादी. तोंडी मागून मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात "रस्त्याची सर्व माहिती द्या" असं लिहू नका. कागदाचं नाव लिहा. अर्ज मोघम असला की उत्तरही मोघमच येतं.

मग टेप. तीस मीटरची फायबर टेप, दोन माणसं, एक वही. सकाळी सहाच्या आत, म्हणजे गाड्या कमी असतात. तलावाच्या कठड्यापासून समोरच्या कंपाउंडपर्यंत दर पन्नास मीटरला रुंदी घ्यायची. शिवाय जिथे रस्ता आवळल्यासारखा वाटतो तिथे वेगळी. आरक्षणातली रुंदी आणि जागेवरची रुंदी यांत फरक निघतोच. मध्ये काय काय उभं आहे तेही लिहायचं: डीपी (विजेची वितरण पेटी), विजेचा खांब, झाडाचा बुंधा, पानठेला, पाणपोई, मेट्रोचा खांब, जाहिरातीचा फलक. फुटपाथ तीन मीटरचा आहे असं कागद म्हणतो, पण मधोमध डीपी असेल तर चालायला उरतो तो एक मीटर. भारतीय रस्ते परिषदेच्या 'आयआरसी 103' या पादचारी संहितेप्रमाणे अडथळा नसलेली मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी, उंची 2.2 मीटर, आणि फुटपाथचा कर्ब 150 मिलीमीटरच्या वर नको. टेप ताणायची ती बुंधा आणि डीपी सोडून उरलेल्या जागेत.

समजा रुंदी 18 मीटर भरली. त्यात काय बसतं? तलावाकडून सुरुवात करू. फुटपाथ 3 मीटर, कारण संध्याकाळी इथे माणसं चालत नाहीत, रेंगाळतात. दुहेरी सायकल ट्रॅक 3 मीटर. ट्रॅक आणि गाड्या यांच्यामध्ये उंच दुभाजक 0.6 मीटर. जाणारी आणि येणारी अशा दोन लेन, प्रत्येकी 3.25, म्हणजे 6.5. पलीकडे पार्किंग, झाडं, ठेले आणि बसथांबा यांसाठी मिळून एक पट्टा 2.4. शहराकडचा फुटपाथ 2. बेरीज 17.5; राहिलेला अर्धा मीटर कर्ब आणि गटाराच्या जाळ्या खातात. संपले 18 मीटर. आता यात कुणाला चार लेन हव्या असतील तर त्यानं सांगावं की फुटपाथ काढायचा, ट्रॅक काढायचा की तलाव बुजवायचा. चर्चेचा सूर बदलायला एवढी बेरीज पुरते.

दुहेरी ट्रॅक तलावाच्याच बाजूला का? कारण तिकडून गल्ल्या फुटत नाहीत. एरवी शहरात दुहेरी ट्रॅक धोक्याचाच. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, म्हणून गल्लीतून बाहेर येणारा चालक आधी उजवीकडे बघतो. डावीकडून उलट्या दिशेनं येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते. पाण्याच्या बाजूला गल्ली नाही, म्हणून हा धोका नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा की वस्तीतला प्रत्येक सायकलवाला रस्ता ओलांडूनच ट्रॅकवर येणार. ओलांडायची जागा पाचशे मीटरवर असेल तर तो तिथवर जाणार नाही, आणि जाऊही नये. दर दीडशे-दोनशे मीटरला फुटपाथच्या पातळीला उचललेलं क्रॉसिंग मागा, दोन्हीकडे 1:12 उताराचे रॅम्प. सायकलवाल्यासाठीही, व्हीलचेअरसाठीही.

गाड्यांचा वेग आवरायला आपल्याकडे हमखास रबरी पट्ट्या ठोकतात. त्यानं सायकलवाल्याची कंबर जाते, मोटारवाल्याचा वेग जात नाही. गोल हंपचं माप 'आयआरसी 99' मध्ये आहे: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच. ठेकेदार एक फूट रुंद आणि वीतभर उंच करतो तो हंप नाही, तो बांध.

बसचं बोलताना भाबडेपणा टाळायचा. 'आपली बस', म्हणजे महापालिकेची शहर बस, एखाद्या मार्गावर तासाला सहा येत असतील तर दहा मिनिटांत एक बस. तिच्यासाठी राखून ठेवलेली 3.5 मीटरची लेन उरलेली नऊ मिनिटं रिकामी दिसते आणि दुसऱ्या आठवड्यात दुचाकींनी भरते. म्हणून आधी फेऱ्यांचं वेळापत्रक मागा, लेनचं नंतर बघा. कमी फेऱ्यांच्या रस्त्यावर बसचा वेळ वाचतो तो सिग्नलजवळ: शेवटच्या पन्नास-साठ मीटरमध्ये रांग टाळून पुढे जाण्याची छोटी मार्गिका, आणि थांबा चौक ओलांडल्यावर. अलीकडच्या थांब्यावर बस माणसं घेईस्तोवर हिरवा दिवा निघून जातो.

बस-बे नावाची खाच मात्र नकोच. कागदावर ती छान दिसते. प्रत्यक्षात तिथे ऑटो उभे राहतात, बस रस्त्यातच थांबते, आणि आत शिरलीच तर बाहेर पडायला कोणी वाट देत नाही. त्यापेक्षा बस लेनमध्येच थांबावी, प्रवासी फुटपाथवरून थेट चढावेत. मागची गाडी वीस सेकंद थांबली तर काही बिघडत नाही.

तलावाच्या बाजूला थांबा आला की खरी कसोटी. ट्रॅक थांब्याच्या मागून जायला हवा, म्हणजे बस आणि ट्रॅक यांच्यामध्ये प्रवाशांना उभं राहायला एक बेट लागतं. निवाऱ्यासकट त्याला अडीच मीटर हवेत; नुसता खांब आणि पाटी असेल तर दीडमध्ये भागतं. दुभाजक आहे 0.6 मीटरचा. मग उरलेले कुठून आणायचे? समोरच्या 2.4 मीटरच्या पट्ट्यातलं पार्किंग तेवढ्यापुरतं बंद करून दोन्ही लेन तिकडे सरकवायच्या. बसची लांबी 12 मीटर, मागेपुढे लेन हळूहळू वळवायला जागा, म्हणजे एका थांब्यापायी पन्नास-साठ मीटरचं पार्किंग जातं. हे आधी सांगितलं नाही तर काम चालू असताना दुकानदार विरोध करतात, आणि ट्रॅक नेमका थांब्याच्या अलीकडे संपतो. बेटावरून फुटपाथवर जाणारी माणसं ट्रॅक ओलांडतात तिथे ट्रॅक फुटपाथच्या पातळीला उचलायचा, रंग वेगळा द्यायचा. सायकलवाला आपोआप हळू होतो.

अंबाझरीच्या बाजूला मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन आहे. सुभाषनगर आणि धरमपेठ कॉलेज ही स्टेशनं तलावाच्या जवळची. नागपूर मेट्रोत सायकल आत नेता येते, तेव्हा प्रश्न उरतो तो लिफ्टच्या दारापासून ट्रॅकपर्यंतचा. त्या टप्प्यात दोन पायऱ्या, एक उघडं चेंबर आणि ई-रिक्षांची रांग असेल तर सायकल घरीच राहते. स्टेशनखाली सायकल स्टँड मागताना उलट्या 'यू' आकाराचे पाइप मागा, 0.9 ते 1 मीटर अंतरानं. पुढचं चाक अडकवायचे खाचेवाले स्टँड नकोत. त्यात चाक वाकतं आणि फ्रेमला कुलूप लागत नाही.

जिथे रुंदी 18 वरून 15 वर येते तिथे काय कापायचं, हा आराखड्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. बहुतेक नकाशे त्यावर मौन पाळतात. मौनाचा अर्थ ठरलेला: ट्रॅक कापला जाणार. म्हणून कापाकापीचा क्रम सूचनेतच लिहून द्या. आधी पार्किंगचा पट्टा, 2.4 मीटर. मग लेन 3.25 वरून 3 वर, बस 2.6 मीटर रुंद असते, वेग ताशी तीस किलोमीटरचा असेल तर भागतं. तेवढ्यात 2.9 मीटर निघाले. मग तलावाकडचा फुटपाथ 3 वरून 2.5 वर. ट्रॅकला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही थोड्या अंतरापुरता, अडीचच्या खाली नाही. अरुंद जागेतच सायकलवाल्याला संरक्षण लागतं. मोकळ्या रस्त्यावर तो एरवीही जातोच.

नुसत्या रंगाच्या पट्ट्यावर विसंबू नका. 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' या केंद्राच्या स्पर्धेत निवडलेल्या 11 शहरांत नागपूर होतं, पट्टे मारूनही झाले. रंग गाडीला अडवत नाही, एवढाच त्यातला धडा. प्लॅस्टिकचे लवचिक खांब बसवले तर वर्षभरात निम्मे मोडून पडतात आणि त्यांचे खिळे टायरमध्ये जातात. काँक्रीटचा उंच दुभाजक टिकतो. ट्रॅकच्या तोंडाशी बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे ठेंगणे खांब, लावताना मधली फट किमान 1.2 मीटर ठेवावी लागते, नाहीतर व्हीलचेअर आणि तीनचाकी सायकल अडते. त्या फटीतून मोटारसायकल जाणारच. मोटारसायकल अडेल आणि व्हीलचेअर जाईल असा बोलार्ड अजून निघालेला नाही, त्यामुळे "बोलार्ड लावतो" हे उत्तर पूर्ण मानू नका. सुरुवातीचे महिने वाहतूक पोलिसांचा माणूस कोणत्या वेळेला उभा राहणार, तेही लिहून मागा.

पार्किंगचा हिशेब वेगळा. रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर जायचं आणि शंभर मीटरमधल्या दुचाकी मोजायच्या. आडवी लावलेली दुचाकी साधारण 0.9 मीटर रुंदी घेते, म्हणजे शंभर मीटरच्या पट्ट्यात फार तर एकशेदहा. मोजणी त्याहून जास्त आली तर जादा गाड्या कुठे उभ्या राहतील हे सांगायची गरज नाही. त्यांच्यासाठी रस्त्याच्या टोकाला जागा नकाशावर दाखवायला लावा. ठेल्यांचंही तसंच. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण, मग नगर पथविक्रेता समितीतर्फे जागा; समितीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेते असावे लागतात. ठेल्याला 2.4 मीटरच्या पट्ट्यात जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याचं चेंबर दिलं तर तो तिथे थांबतो. दिलं नाही तर तो गिऱ्हाईक असेल तिथे येतो, आणि गिऱ्हाईक ट्रॅकवर असतं.

आता जमिनीकडे बघू. ट्रॅकला गट्टू (पेव्हर ब्लॉक) नको. दोन गट्टूंमधल्या सांध्यांवरून सायकल खडखडत जाते, पहिल्या पावसाळ्यात खालची चुरी वाहून गट्टू खचतात, मग सायकलवाला गुळगुळीत सिमेंट रस्त्यावर उतरतो आणि ट्रॅक पार्किंगला मोकळा होतो. डांबर किंवा सलग काँक्रीट मागा. चेंबरचं झाकण पृष्ठभागाशी समतल हवं. पाण्याच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या पट्ट्यांची जाळी सायकलचं पुढचं चाक गिळते, माणूस हँडलवरून पुढे जातो. अंदाजपत्रकात "सीआय ग्रेटिंग" (बिडाची जाळी) असं दोन शब्दांत उरकलेलं असतं. पट्ट्यांची दिशा आणि फट तिथे लिहून घ्यायची.

पाणी कुठे जाणार, हा नागपुरात सगळ्यात नाजूक विषय. नव्या सिमेंट रस्त्याची पातळी जुन्यापेक्षा वर गेली की कडेच्या घरात पाणी शिरतं, हे वस्त्या-वस्त्यांत माहीत आहे. सप्टेंबर 2023 मध्ये एका रात्री काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. त्या सांडव्याखालचा प्रवाह म्हणजेच नाग नदी. तिथे ट्रॅकसाठी पूल किंवा स्लॅब टाकताना पाण्याच्या वाटेत एकही खांब वाढता कामा नये. अंबाझरीची पाळ 1870 च्या सुमाराची, मातीची. पाळीवर वा तिच्या पायथ्याशी खोदकाम आणि मोठी झाडं लावणं दोन्ही धोक्याचं. मुळं कुजली की त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. "ट्रॅकच्या दुतर्फा वृक्षारोपण" ही ओळ दिसली की पहिला प्रश्न हाच: पाळीवर की पाळीबाहेर? रस्त्याचं तेलकट पाणीही थेट तलावात सोडू नये. मध्ये गाळ बसायला चेंबर, आणि ते पावसाळ्याआधी उपसायची जबाबदारी कुणाची, ते नावानिशी.

सावलीची दिशा फार कमी जण बघतात. फुटाळ्याचा वर्दळीचा रस्ता तलावाच्या पूर्वेला, म्हणून तर तिथून सूर्यास्त दिसतो. म्हणजे दुपारी तीनपासून ऊन पाण्याच्या बाजूनं, अंगावर. झाडं शहराकडच्या पट्ट्यात लावली तर त्यांची सावली सकाळी ट्रॅककडे येते आणि दुपारी बंगल्यांच्या भिंतीवर जाते. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना चारला कामावरून निघालेल्या माणसाला तिचा उपयोग शून्य. सूर्यास्तही राहावा आणि सावलीही मिळावी यासाठी ट्रॅक आणि फुटपाथ यांच्यामध्ये आठ-दहा मीटर अंतरानं कडुनिंब किंवा करंज, खालच्या फांद्या छाटलेली. आळं किमान 1.2 मीटर चौरस, बुंध्याला सिमेंटचा वेढा नाही. गुलमोहर नको, वळवाच्या वाऱ्यात तो आडवा होतो.

मोजणीशिवाय सूचना अर्धीच. मंगळवार ते गुरुवारपैकी एक दिवस आणि एक रविवार. सकाळी 6 ते 9, संध्याकाळी 5:30 ते 8:30. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. पायी, सायकल, दुचाकी, ऑटो आणि ई-रिक्षा, मोटार, बस. चार उभ्या काड्या, पाचवी तिरपी. सायकलींचे दोन रकाने करा: हेल्मेटवाले व्यायामाचे, आणि कॅरिअरला डबा बांधून कामाला जाणारे. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पहिलेच असतात, कारण बैठकीला तेच येतात. दुसरे त्या वेळी ड्युटीवर असतात. त्यांच्यासाठी ट्रॅक रात्री दहालाही उजेडात हवा, आणि दिव्याचं तोंड खाली हवं, पाण्याकडे नको. तिथे पक्षी झोपलेले असतात.

पत्राचा एक मुद्दा असा दिसावा. आकडे नमुन्याचे आहेत:

"चेनेज 350 ते 420, तलावाची बाजू. आराखड्यात रुंदी 18 मी. दाखवली आहे, जागेवर 15.4 मी. भरते (मोजणीची तारीख, फोटो क्र. 4 ते 7 सोबत). याच भागात ट्रॅक थांबवून सायकली मुख्य रस्त्यावर सोडल्या आहेत. विनंती: शहराकडील 2.4 मी. पार्किंग या 70 मी. भागातून वगळावं, लेन 3.0 मी. कराव्या आणि 3.0 मी. ट्रॅक सलग ठेवावा. वगळलेल्या सुमारे 75 दुचाकींची सोय चेनेज 480 जवळच्या मोकळ्या जागेत होऊ शकते. हे मान्य नसल्यास कारण लेखी कळवावं."

असे सात-आठ मुद्दे पुरतात. चाळीस दिले तर सोपे चार मान्य होतात आणि अवघड छत्तीस "तपासून बघू"मध्ये जातात. शंभर जणांनी एकच मजकूर पाठवला तर तो एकच धरला जाण्याची शक्यता असते. त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळ्या चेनेजवर लिहिलेलं भारी पडतं.

शक्य असेल तर बांधकामाआधी महिनाभर बॅरिकेड आणि वाळूच्या पोत्यांनी तीच मांडणी करून बघण्याची मागणी घाला. बस वळणावर खरंच फिरते का, ठेल्याची गर्दी कुठे सांडते, पहिल्या पावसात पाणी कुठे साचतं, हे तेव्हा फुकटात कळतं. काम सुरू झालं की कर्ब बसवण्याच्या आदल्या दिवशी ठेकेदाराची माणसं जमिनीवर चुन्याची रेघ मारतात. त्या दिवशी सकाळी मंजूर छेदाची प्रत आणि टेप घेऊन तिथे हजर राहायचं. कर्बचं सिमेंट ओतल्यावर मोजण्यासारखं काही उरत नाही.